दप्तराची दुसरी प्रत : दुकानाच्या सर्व्हरमधील साठवण समजून घ्या

रविवार, २१ मार्च २०२१ ची पहाट. अडीचच्या सुमारास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपण ज्याला एम.आय.डी.सी. म्हणतो त्या महामंडळाच्या, संगणक यंत्रणेने आपोआप इशारा दिला की सेवा बंद पडल्या आहेत. दिवसभराच्या तपासानंतर निष्पन्न झाले की हा रॅन्समवेअरचा हल्ला आहे. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीचा विषाणू. तो संगणकातील माहिती चोरून नेतोच असे नाही. पण तिला असे कुलूप घालतो की किल्ली हल्लेखोराच्याच हाती राहते. महामंडळाची माहिती भाड्याच्या क्लाउडवरील सर्व्हरमध्ये होती, ती कुलूपबंद झाली. निरनिराळ्या कार्यालयांतील काही संगणकांनाही लागण झाली.

बारामती व इंदापूर या दोन्ही ठिकाणी एम.आय.डी.सी. आहे. प्लॉटचे हस्तांतर, बांधकाम परवानगी, पाण्याचे बिल अशा कामांसाठी आपल्या फॅब्रिकेशनवाल्या व वर्कशॉपवाल्या बांधवांचा या महामंडळाशी नित्य संबंध येतो. म्हणून ही घटना आपल्यापासून दूरची नाही. मात्र या प्रकरणातील एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. महामंडळाने त्या वेळी जाहीर केले की बॅकअपच्या फाइल्स नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या व तेथे विषाणू पोहोचला नव्हता. दुकान जळाले, पण चोपड्या दुसऱ्या घरी होत्या, असाच हा प्रकार.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. ज्यांच्या दुकानात, कारखान्यात किंवा आडतीच्या गाळ्यावर एक मोठा संगणक ठेवून त्यावर सर्व हिशेब चालतो, त्यांनी त्यातील साठवण कशी चालते हे समजून घेतले पाहिजे. संगणकवाला येतो, यंत्र बसवतो, ‘आता सगळे ऑटोमॅटिक आहे, काळजी करू नका’ असे सांगून जातो. ते खरेही असते. परंतु आपोआप काय होते आणि काय होत नाही, हे मालकाला ठाऊक नसेल तर घात होतो.

एका यंत्रात अनेक सर्व्हर

पूर्वी हिशेबाला एक संगणक, बिलिंगला दुसरा व हजेरीला तिसरा असे. आता एकच दणकट यंत्र घेतात व त्याच्या आत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दोन-चार वेगवेगळे सर्व्हर चालवतात. या आतील सर्व्हरला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. एका मोठ्या गोदामात पार्टिशन टाकून चार गाळे काढावेत, तसा हा प्रकार समजा. प्रत्येक गाळ्याला स्वतःचे शटर व स्वतःचे कुलूप, परंतु भिंती, छप्पर व विजेचे मीटर एकच.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या आय.बी.एम. कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती. पुढे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ही सोय साध्या संगणकांवर आणली. मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही व मोफत मिळणारे प्रॉक्समॉक्स ही याच कामाची इतर नावे होत.

यात फायदा उघड आहे. यंत्र एक, वीज कमी, जागा कमी. शिवाय प्रत्येक व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी काही फाइल्सच असतात. त्या उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवल्या की तोच सर्व्हर तेथे सुरू करता येतो. धोकाही याच सोयीत आहे. छप्पर एकच असल्याने ते कोसळले तर चारही गाळे एकदम बंद पडतात.

आपोआप साठवण म्हणजे काय?

या यंत्रातील साठवण सांभाळणारे सॉफ्टवेअर मुख्यतः चार कामे स्वतःहून करते.

पहिले काम, मालाची मांडणी. किराणा दुकानदार रोज खपणारी साखर व चहा हाताशी ठेवतो. सणासुदीचा माल माळ्यावर ठेवतो. यंत्रही तसेच करते. रोज उघडली जाणारी माहिती ते वेगवान पण महाग अशा एस.एस.डी.वर ठेवते आणि तीन वर्षांपूर्वीची बिले स्वस्त हार्ड डिस्कवर हलवते. कोणती माहिती किती वेळा उघडली याची नोंद ते स्वतः ठेवते.

दुसरे काम, जागेचे वाटप. समजा यंत्रात २ टीबी जागा आहे. आतील तीन सर्व्हरना प्रत्येकी १ टीबी दिली असे कागदोपत्री दाखवता येते. बेरीज ३ टीबी होते, तरी चालते. कारण तिघेही आपली जागा पहिल्या दिवशी भरत नाहीत. ज्याला जसजशी लागेल तसतशी जागा मिळते. यामुळे आधीच जास्त डिस्क विकत घ्याव्या लागत नाहीत.

तिसरे काम, स्नॅपशॉट. विशिष्ट क्षणी सर्व्हर कसा होता याची खूण यंत्र राखून ठेवते. सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्यापूर्वी स्नॅपशॉट घेतला आणि काही बिघडले, तर त्या क्षणापर्यंत मागे जाता येते.

चौथे काम, बॅकअप व जुन्या प्रती काढून टाकणे. समजा तुमची एकूण माहिती ४० जीबी आहे. रोज रात्री पूर्ण प्रत घेतली तर ३० दिवसांत १२०० जीबी लागतील. पण दिवसभरात बदल होतो तो समजा १ जीबीचा. म्हणून यंत्र पहिल्या दिवशी पूर्ण प्रत घेते व नंतर केवळ बदललेला भाग उचलते. मग महिन्याला ४० अधिक २९, म्हणजे ६९ जीबीत काम भागते. ठरवलेली मुदत संपली की जुनी प्रत आपोआप पुसली जाते.

आपोआप काय होत नाही?

आता यातील खाचाखोचा पाहू. नुकसान होते ते येथेच.

जागेचे वाटप उधारीसारखे आहे. तिघांना ३ टीबी कबूल केले आणि प्रत्यक्षात २ टीबीच आहे, हे विसरले की एक दिवस डिस्क काठोकाठ भरते. मग एक सर्व्हर नव्हे, तिन्ही सर्व्हर अडकतात. हे सहसा घाईच्या दिवशी होते, कारण त्याच दिवशी नोंदी जास्त असतात. यंत्र इशारा देते, परंतु तो इशारा कोणाच्या ई-मेलवर जातो? अनेक ठिकाणी तो यंत्र बसवून गेलेल्या जुन्या मुलाच्या पत्त्यावर जात असतो. डिस्क ७५ टक्के भरली की मालकाच्या मोबाइलवर संदेश आला पाहिजे, अशी व्यवस्था करून घ्यावी.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो व मूळ फाइलवर अवलंबून असतो. डिस्क गेली की मूळही गेले व खूणही गेली. शिवाय जुना स्नॅपशॉट काढायचा राहिला तर तो दिवसेंदिवस फुगत जातो आणि शेवटी तोच डिस्क भरून टाकतो. काम झाले की दोन-तीन दिवसांत स्नॅपशॉट काढून टाकावा.

जोड डिस्क म्हणजेही बॅकअप नव्हे. पुष्कळ सर्व्हरमध्ये दोन डिस्क अशा जोडलेल्या असतात की एकीवर लिहिलेले दुसरीवरही उमटते. एक डिस्क जळाली तर दुसरी काम चालवते, हे चांगलेच आहे. परंतु नोकराने चुकून उधारीची खतावणी पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. विषाणू आला तर तोही दोन्हीकडे उतरतो. यंत्राला चूक आणि हुकूम यांतला फरक कळत नाही.

यंत्र जुन्या प्रतीही आज्ञाधारकपणे पुसते. मुदत ७ दिवसांची ठेवली असेल आणि चूक दहाव्या दिवशी ध्यानात आली, तर शिल्लक राहिलेली प्रत्येक प्रत त्या चुकीसकटच असते.

जगाचे दोन अनुभव

व्हर्च्युअल यंत्रणेवरच नेम धरलेला एक मोठा हल्ला फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात झाला. व्हीएमवेअरच्या ई.एस.एक्स.आय. या प्रणालीवर चालणारे हजारो सर्व्हर निरनिराळ्या देशांत कुलूपबंद झाले. हल्लेखोरांनी आतील एकेका सर्व्हरच्या नादी न लागता, ज्या फाइल्समध्ये अख्खा सर्व्हर असतो त्यांनाच कुलूप घातले. एका गाळ्याचे कुलूप तोडण्याऐवजी सबंध गोदामाच्या दाराला साखळी घालावी तसे. दुःखाची बाब अशी की, ज्या भगदाडातून ते शिरले असे मानले जाते, त्याची दुरुस्ती कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्येच दिली होती. दोन वर्षे ती कोणी बसवली नव्हती.

दुसरा अनुभव हल्ल्याचा नाही, साध्या चुकीचा आहे. गिटलॅब या संगणक कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री एका थकलेल्या कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली. कंपनीकडे प्रत राखण्याच्या पाच पद्धती होत्या. गरज पडली तेव्हा कळले की त्यांपैकी एकीवरही भरवसा ठेवता येत नव्हता. सुदैवाने सुमारे सहा तास आधी एकाने दुसऱ्याच कामासाठी स्वतःहून प्रत घेऊन ठेवली होती. तिच्यामुळे बहुतेक माहिती परत आली. मधल्या सहा तासांची मात्र गेली. कंपनीने ही चूक न लपवता जगासमोर मांडली, म्हणून आपल्याला तिच्यापासून शिकता येते. बॅकअप कधी उघडूनच पाहिला नसेल, तर तो आहे असे समजू नये.

कायदा काय सांगतो?

किती वर्षांचे दप्तर ठेवावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जी.एस.टी. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. उदाहरणार्थ, २०२४-२५ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२५. म्हणजे त्या वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवे. प्रकरण अपिलात असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, किंवा वरील मुदत, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत. सोपा हिशेब असा की ३१ मार्चची वर्षअखेरची प्रत किमान सात वर्षे पुसू नये.

याच कायद्याच्या नियम ५७ मध्ये असेही म्हटले आहे की, हिशेब संगणकावर ठेवणाऱ्याने योग्य बॅकअप ठेवला पाहिजे, जेणेकरून अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी काळात त्या परत मिळवता येतील. म्हणजे ‘संगणक बिघडला, नोंदी गेल्या’ हे उत्तर पुरणारे नाही. ज्यांनी धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आहे, त्यांच्यावर आणखी बंधन आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपनीच्या संगणकीय हिशेबाचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेतला गेला पाहिजे.

सरकारी कारणे बाजूला ठेवली तरी वर्षअखेरचा साठा, येणे व देणे यांचा बिनचूक हिशेब आपल्याला जकात काढण्यासाठीही लागतोच. तो पाच वर्षांपूर्वीचा पाहायची वेळ आली तर मिळाला पाहिजे.

आपल्या भागात दुसरी प्रत कुठे ठेवावी?

जाणकार मंडळी ३-२-१ असा नियम सांगतात. माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी. पहिली प्रत सर्व्हरवरची चालू माहिती. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, जी प्रत घेऊन झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवलेली डिस्क विषाणूच्या तावडीत सापडते. तिसरी दूर.

हे ‘दूर’ म्हणजे किती? बारामतीत दुकान व इंदापुरात गोदाम असणारे अनेकजण आहेत. त्यांना वाटते, एक प्रत इकडे व एक तिकडे ठेवली की झाले. अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे, तेव्हा चोरी किंवा आगीसाठी ही सोय चांगलीच आहे. परंतु पाऊस तालुक्याची हद्द पाहत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हा नदीला पूर येऊन बारामतीतील अनेकांना घरे सोडावी लागली. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने इंदापूर तालुक्यात हाहाकार केला. आणि मे २०२५ च्या अखेरीस तर बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांना एकाच वेळी मुसळधार पावसाने झोडपले. अशा दिवशी दोन्ही प्रती पाण्याखाली जाऊ शकतात. म्हणून तिसरी प्रत जिल्ह्याबाहेर, किंवा भारतातीलच एखाद्या क्लाउडवर असणे बरे. सर्व्हर व कपाटातील डिस्क कधीही जमिनीलगत ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

इंटरनेटचा वेग पुरेल काय, अशी शंका येईल. अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल तर ४० जीबीची पहिली प्रत चढायला साडेचार तासांच्या आसपास लागतात. एक रात्र पुरे. पुढे रोजचा १ जीबी बदल सात मिनिटांत जातो. क्लाउडवर ‘मुदत संपेपर्यंत कोणालाही पुसता येणार नाही’ अशी प्रत ठेवण्याची सोय मिळते. ती अवश्य मागावी. क्लाउडच्या खात्याचा पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डहून वेगळा ठेवावा. एकाच किल्लीने दुकान व तिजोरी दोन्ही उघडत असेल, तर तिजोरीचा उपयोग काय?

आणखी एक सावधगिरी. ब्रॉडकॉम कंपनीने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर विकत घेतली. त्यानंतर एकदाच पैसे भरून कायमचा परवाना मिळण्याची पद्धत बंद झाली व वर्गणी सुरू झाली. अनेक धंदेवाल्यांना दुसऱ्या प्रणालीकडे वळावे लागले. म्हणून संपूर्ण सर्व्हरच्या प्रतीबरोबरच हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून घेतलेला साधा बॅकअपही वेगळा ठेवावा. प्रणाली बदलली तरी तो उघडतो.

मालकाने स्वतः करायची पाच कामे

१. रोजच्या ३० प्रती, महिनाअखेरच्या १२ प्रती व ३१ मार्चच्या सात वर्षांच्या प्रती, असे लेखी ठरवून संगणकवाल्याच्या हाती द्यावे. यंत्र मुदत पाळते; मुदत ठरवणे आपले काम.

२. डिस्क भरण्याचा व बॅकअप चुकल्याचा संदेश आपल्या आणि घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीच्या मोबाइलवर येईल असे करावे. संदेश न येणे म्हणजे सर्व ठीक असणे नव्हे. म्हणून ‘बॅकअप झाला’ हा रोजचा संदेशही मागावा.

३. दर तीन महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या संगणकावर प्रत उघडून पाहावी. एखाद्या गिऱ्हाईकाची मागील महिन्याची उधारी त्यातून काढून कागदाच्या बिलाशी ताडावी. किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. खऱ्या संकटात दुकान तितका वेळ तरी बंद राहणार आहे.

४. सर्व्हरच्या प्रणालीच्या दुरुस्त्या महिन्यातून एकदा बसवून घ्याव्यात. त्याआधी ताजा बॅकअप घ्यावा.

५. पासवर्ड, परवान्याचे कागद व प्रती कोठे आहेत याची यादी बंद पाकिटात घरी ठेवावी. संगणकवाला बदलला तर पासवर्डही त्याच दिवशी बदलावेत.

ज्यांचा धंदा लहान आहे, एकच संगणक व एकच हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे, त्यांनी मोठ्या सर्व्हरच्या खर्चात पडण्याची मुळीच गरज नाही. दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. आठवड्याआड त्यांची अदलाबदल करावी आणि एक नेहमी दुकानाबाहेर ठेवावी. नियम तोच, फक्त खर्च कमी.

घरात संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम तिच्या किंवा त्याच्या अंगावर टाकून पाहावे. हे कसब आपल्या जिल्ह्याला परके नाही. बॅकअपच्या क्षेत्रात जगभर नाव असलेली ड्रुवा ही कंपनी २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. बारामती-इंदापूरच्या बाजारपेठेतील दहा-वीस दुकानांचे बॅकअप तपासून देणे हाही उद्या एक प्रामाणिक धंदा होऊ शकेल.

शेवटी एवढेच. आपल्या सर्व्हरमध्ये केवळ आपला हिशेब नसतो. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी असते, कामगाराच्या हजेरीचे दिवस असतात, गिऱ्हाईकाने दिलेली आगाऊ रक्कम असते. त्या नोंदी म्हणजे लोकांनी आपल्याकडे ठेवलेली अमानत होय. नोंद हरवली तर कोणाचे किती देणे आहे हे केवळ आठवणीवर येते, आणि भांडण तेथेच सुरू होते. ती नोंद परत उघडते आहे याची खात्री यंत्र करून देत नाही. ती मालकालाच करावी लागते. येत्या सुट्टीच्या दिवशी आपल्या संगणकवाल्याला बोलावून एकच गोष्ट सांगा : ‘कालची प्रत माझ्यासमोर उघडून दाखव.’